रॅटलस्नेकच्या मुलखात प्रस्तरारोहण: दोरावर असताना साप समोर आला तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तराचा रोख स्पष्ट राहील. तुम्ही सह्याद्रीत काही वर्षे आरोहण केले आहे, आता नोकरीनिमित्त लॉस एंजेलिसला राहता आणि एप्रिलमध्ये दोघा मित्रांबरोबर कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात पहिल्यांदाच चढाईला जाणार आहात. तेथे रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणारे विषारी साप, असतात हे कळल्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: धोका खरोखर किती आहे, चढत असताना साप समोर आला तर काय करायचे, आणि विष ओढून काढणारा पंप व क्रेप बँडेज सोबत घ्यावे का. मी बऱ्याच वर्षांपासून याच भागात चढाई करतो आणि नव्याने येणाऱ्यांना शिकवतो, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतात.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार या देशात दर वर्षी सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि त्यांपैकी सुमारे पाच जण दगावतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. या दोन आकड्यांवरून रॅटलस्नेकचे विष सौम्य आहे असा निष्कर्ष मात्र काढू नका. येथे मृत्यू कमी होतात याचे मोठे कारण म्हणजे बहुतेक रुग्ण वेळेत रुग्णालयात पोहोचतात आणि तेथे त्यांना योग्य प्रतिविष मिळते. शिवाय जीव वाचला तरी बोटाचा किंवा पंजाचा काही भाग कायमचा दुबळा होऊ शकतो, आणि आरोहकाच्या दृष्टीने ते नुकसान मोठेच आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की कातळावर सापाच्या दातांपेक्षा आपल्या दचकण्याचा धोका मोठा आहे. दंश झाला तर हाताशी काही तास असतात. पकड सुटून किंवा बिले देणाऱ्याचा, म्हणजे खालून चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याचा, हात दोरावरून सुटून जे होते, त्याला एक क्षण पुरतो. म्हणून पुढे जे काही सांगणार आहे त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी दोर, मग साप.

जोशुआ ट्रीमध्ये चढाईचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो, कारण उन्हाळ्यात तेथील कातळाला हात लावणेही नको होते. थंडीत साप खोल भेगांमध्ये निपचित पडून राहतात आणि मार्च-एप्रिलमध्ये बाहेर येऊ लागतात. म्हणजे आपल्याला चढायला सुखद वाटते तीच हवा त्यांनाही मानवते. वसंतात आणि शरदात ते दिवसा हिंडतात. उन्हाळा वाढला की संध्याकाळी आणि रात्री. तुम्ही एप्रिलमध्ये जाणार आहात, तेव्हा सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड असलेल्या, ऊन खाणाऱ्या दगडांवर आणि दुपारी कड्याच्या पायथ्याशी असलेल्या सावलीत साप असू शकतो हे गृहीत धरा. ही दुसरी जागा विशेष लक्षात ठेवा, कारण दुपारी बिले द्यायला आणि सॅक टेकवायला आपणही तीच सावली शोधत असतो.

या भागात रॅटलस्नेकच्या अनेक जाती आहेत. आरोहकाशी सर्वांत जास्त संबंध येतो तो ठिपकेदार रॅटलस्नेकचा, कारण तो खडकाळ जागीच राहतो आणि त्याचा रंग त्या जागच्या दगडाशी विलक्षण जुळतो. मोहावी रॅटलस्नेक मोकळ्या, झुडपांच्या सपाटीवर असतो, म्हणजे तो तुम्हाला गाडीपासून कड्यापर्यंत चालताना भेटेल. त्याच्या विषात चेतासंस्थेवर परिणाम करणारा घटक असू शकतो. वाळूच्या कोरड्या ओढ्यांमध्ये रात्री साइडवाइंडर फिरतो. पुढे कधी आयडिलवाइल्डजवळच्या टाकीट्झ कड्यावर गेलात तर तेथे दक्षिणी पॅसिफिक रॅटलस्नेक आढळतो, आणि सॅन हसिंटो पर्वतातल्या त्याच्या काही सापांच्या विषात मोहावीसारखाच घटक सापडला आहे. एवढी माहिती असणे चांगले. पण जात ओळखण्यासाठी सापाजवळ जाण्याचे काहीच कारण नाही, कारण येथील रुग्णालयांतले प्रतिविष या सगळ्या जातींसाठी वापरले जाते.

आता जागांविषयी. सह्याद्रीतल्या बेसॉल्टवर आपण आडव्या थरांच्या काठांना धरत चढतो, आणि गवताळ टप्प्यावर हात टाकण्यापूर्वी तेथे फुरसे आहे का हे पाहण्याची सवय तुम्हाला असेलच. जोशुआ ट्रीचा ग्रॅनाइट वेगळा आहे. तेथे उभ्या भेगांमध्ये पंजा मनगटापर्यंत आत घालून, तो फुगवून अडकवायचा असतो. म्हणजे हात काठावर राहत नाही, तो दिसत नसलेल्या पोकळीत जातो. सुदैवाने सरळ उभ्या, गुळगुळीत भिंतीच्या मध्यावर असलेल्या अरुंद भेगेत साप असण्याची शक्यता फार कमी असते, कारण त्याला तेथवर यायला वाट लागते आणि तेथे खायला काही नसते. संशय घ्यायचा तो आडव्या रुंद कपारींचा, माती आणि झुडूप धरलेल्या टप्प्यांचा, चिमणीच्या, म्हणजे आत शिरून चढता येईल अशा रुंद उभ्या फटीच्या, तळाचा, पायथ्याच्या पहिल्या काही फुटांचा आणि माथ्याचा. माथा अनेकदा विसरला जातो. समोरून पन्नास फूट उभा असलेला सुळका मागच्या बाजूने दगडांच्या उतारावरून सहज चढता येतो, आणि आपल्याला जी वाट उतरायला सोपी वाटते ती सापाला चढायलाही सोपी असते.

एक खूण मी प्रत्येक नव्या आरोहकाला प्रत्यक्ष दाखवतो. कपारीच्या तोंडाशी काटक्या, चोया निवडुंगाचे काटेरी तुकडे, वाळलेली शेंग, कधी एखादा चकचकीत कागद असा ढिगारा रचलेला दिसला तर ते वुडरॅट नावाच्या उंदराचे घर असते. लांबून तो वाऱ्याने साचलेला कचरा वाटतो, पण जवळून पाहिले की निवडुंगाचे तुकडे मुद्दाम तोंडाशी लावलेले कळतात. रॅटलस्नेक याच उंदरांवर जगतो आणि अशा घरांच्या आसपास तासन् तास दबा धरून बसतो. असा ढीग असलेल्या भेगेत तळाशी हात घालू नका, आणि त्याच्या शेजारी दोराची पिशवी पसरू नका.

हाताच्या शिस्तीबद्दल पुस्तकी सल्ला असा असतो की जेथे नजर पोहोचत नाही तेथे हात घालू नये. प्रस्तरारोहणात हे पूर्णपणे शक्य नाही. जे शक्य आहे ते करा. जमिनीवरून मार्ग पाहताना फक्त अवघड हालचाली न पाहता टप्पे आणि आडव्या कपारी कोठे आहेत ते मनात नोंदवा. अशा टप्प्याच्या खाली पोहोचलात की तेथे आधी पक्की कॅम (भेगेत अडकवून दोर जोडायचे साधन) लावा, मग पाय एक-दोन इंच वर घेऊन डोके काठाच्या वर येईल इतके उठा, पाहा, आणि नंतरच टप्प्यावर तळहात टेकवून अंग वर घ्या. उलट क्रमाने, म्हणजे आधी दोन्ही हात आत टाकून मग चेहरा वर काढला तर चेहरा सापाच्या पट्ट्यात येतो. रॅटलस्नेक साधारणपणे आपल्या लांबीच्या निम्म्या अंतरापर्यंत झेप घेतो. मीटरभर लांबीच्या सापासाठी हे अर्धा मीटर झाले, आणि टप्प्याच्या काठावर आपले नाक तेवढ्यातच असते.

आवाजावर फार विसंबू नका. शेपटीचा खुळखुळा नखासारख्याच पदार्थाच्या, एकात एक अडकलेल्या पोकळ कड्यांचा बनलेला असतो. प्रत्येक वेळी कात टाकली की एक कडे वाढते, आणि जुनी कडी तुटूनही जातात, त्यामुळे कड्यांवरून सापाचे वय ठरत नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला एकच कडे असते, त्यामुळे त्याचा आवाज येत नाही, विष मात्र असते. मोठा सापही नेहमी इशारा देतोच असे नाही. त्याचा पहिला बचाव म्हणजे न हलता दगडात मिसळून राहणे. आपण दिसलो आहोत किंवा अंगावर पाय पडणार आहे असे वाटले तरच तो शेपटी वाजवतो. फुरसे अंगाची वेटोळी घासून जी करकर करते ती तुम्ही ऐकली असेल. हा आवाज तिच्यापेक्षा मोठा, सलग आणि कोरडा असतो, गरम तेलात ओली मिरची पडावी तसा. दगडांच्या गर्दीत तो घुमतो आणि दिशा चटकन कळत नाही. म्हणून आवाज आला की पहिल्यांदा जागच्या जागी थांबायचे, केवळ डोळ्यांनी शोधायचे, आणि साप कोठे आहे हे कळल्यावरच त्याच्यापासून दूर पाऊल टाकायचे. आवाजाच्या भीतीने आंधळेपणाने मागे उडी मारणे हे पायथ्याच्या दगडधोंड्यांमध्ये घोटा मोडण्याचे हमखास कारण आहे.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे दोरावर असताना साप दिसला तर काय करायचे. एका वसंतात माझा सहकारी लीड करत होता, म्हणजे दोर घेऊन पुढे चढत होता, आणि मी बिले देत होतो. टप्प्याच्या काठावर बोटे टेकवून त्याने डोके वर काढले, आणि काही सेकंद तो अजिबात हलला नाही. मग नेहमीच्या आवाजात त्याने सांगितले की वर साप आहे, तो खाली येत आहे, दोर हळूहळू आवळत जा. त्याने बोटे एकेक करून काठावरून काढली, दोन पावले उतरून गुडघ्यापाशी लावलेल्या कॅमवर भार दिला आणि मी त्याला खाली सोडले. दुपारी आम्ही मागच्या वाटेने दूर अंतरावरून दुर्बिणीतून ती जागा पाहिली. करड्या-गुलाबी दाण्यांच्या ग्रॅनाइटवर करड्या-गुलाबी ठिपक्यांचा साप एका झुडपाखाली वेटोळे करून पडला होता. शेपटीजवळचे काळे-पांढरे पट्टे वगळले तर अंग कोठे संपते आणि दगड कोठे सुरू होतो ते दुर्बिणीतूनही पटकन कळत नव्हते. माझ्या सहकाऱ्याने जे केले त्यात जोडण्यासारखे फारसे काही नाही. ओरडला नाही, हात झटकला नाही, वरून निसटून पुढे जाण्याचा प्रयत्न केला नाही, आणि त्याला हे सगळे शक्य झाले कारण गुडघ्यापाशी कॅम आधीच लावलेली होती.

यावरून नियम काढायचा तर तो असा: सापापासून दूर जाण्याची दिशा म्हणजे खाली. उतरून शेवटच्या आधारावर बसा, आधार एकच असेल तर शक्य असल्यास दुसरा जोडा आणि खाली या. कातळात ठोकलेला बोल्ट असेल तर त्यावर एक कॅराबिनर (दोर अडकवण्याची कडी) सोडून द्यावा लागेल. त्याची किंमत मनातही आणू नका. नट, म्हणजे भेगेत अडकवलेली पाचर, काढण्याच्या हत्याराने, दोराच्या टोकाने किंवा खडे मारून सापाला हुसकावण्याचा प्रयत्न करू नका, कारण भेगेतल्या सापाला बाहेर पडायला एकच तोंड असेल तर तो तुमच्याच दिशेने येईल. वर जाणे हाच एकमेव मार्ग उरला असेल, उदाहरणार्थ खालचा आधार अविश्वसनीय असेल, तर सापाला वाट मोकळी सोडून, शरीर त्याच्या समोरून बाजूला ठेवून, सावकाश सरका.

बिले देणाऱ्याची कसोटी याहून कठीण असते. तो पायथ्याशी, सावलीत, नजर वर लावून उभा असतो आणि साप त्याच्या पायाजवळ येऊ शकतो. चढाई सुरू करण्यापूर्वी त्याने आपल्या भोवतालचे दोन मीटरचे वर्तुळ, दगडांखालच्या पोकळ्यांसह, काठीने आणि नजरेने तपासावे. साप आला तर ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा, हात दोरावरच राहील, आणि तो एक-दोन पावले बाजूला सरकेल, एवढेच करायचे. ग्रिग्रीसारखे आपोआप दोर धरणारे साधन असले तरी हात सोडण्याची परवानगी मिळत नाही, पण दचकण्याच्या क्षणी ते मोठा आधार देते. सापांच्या मोसमात मी नवख्या जोडीदारांना तेच वापरायला सांगतो. तुम्ही तिघे आहात हे फार चांगले आहे. तिसऱ्याने बिले देणाऱ्याच्या पायांकडे लक्ष ठेवावे आणि गरज पडल्यास मागून ब्रेकचा दोर धरावा, हे आधीच ठरवून घ्या.

दंश झालाच तर. लीड करणाऱ्याला झाला तर त्याला ताबडतोब, पण धक्का न देता खाली सोडा. दोराच्या एका लांबीत न संपणाऱ्या उंच मार्गावर दोर जमिनीपर्यंत पुरत नसेल तर आधी त्याला अँकरपाशी, म्हणजे कातळातल्या पक्क्या आधारापाशी, आणून बांधा आणि तेथून पुढे त्याला दोराने खाली उतरवत न्या. त्याला रॅपल करू, म्हणजे दोरावरून स्वतः उतरू, देऊ नका: हात सुजत जातो, बोटे जुमानत नाहीत, आणि रक्तदाब उतरून शुद्ध हरपण्याचा संभव असतो. बिले देणाऱ्याला दंश झाला तर त्याने वरच्याला सांगून आधी जमिनीवर घ्यावे किंवा दोर पक्का बांधावा. ही दोन-तीन मिनिटे विषाच्या हिशेबात फार नाहीत, वरच्याच्या जिवाच्या हिशेबात सर्वस्व आहेत.

जमिनीवर आल्यावर अंगठ्या, घड्याळ, हाताला गुंडाळलेली चिकटपट्टी आणि चढाईचे घट्ट बूट लगेच काढा, कारण सूज झपाट्याने वाढते. हार्नेस, म्हणजे दोर बांधायचा कमरेचा पट्टा, तोही काढा, पण लटकलेल्या अवस्थेत त्याला हात लावू नका. सुजेची कड पेनाने आखून शेजारी वेळ लिहा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा आखा. डॉक्टरांना याचा खरा उपयोग होतो. दंश झालेला हात हृदयाच्या साधारण पातळीवर, आरामात ठेवा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच येते. पंप आणू नका. माणसांवर नकली विष टोचून केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा पंपाने बाहेर काढलेला अंश एक टक्काही नव्हता, आणि त्याच्या ओढीने त्वचेला इजा मात्र होऊ शकते. चिरणे, चोखणे, बर्फ लावणे, आवळपट्टी बांधणे हे सगळे वर्ज्य आहे. क्रेप बँडेज मुरगळ्यासाठी जरूर ठेवा, पण दंशावर घट्ट गुंडाळू नका. ऑस्ट्रेलियात चेतासंस्थेवर हल्ला करणाऱ्या सापांसाठी ती पद्धत शिकवतात. रॅटलस्नेकचे विष मुख्यतः स्नायू आणि रक्तवाहिन्यांची नासाडी करते, ते एका जागी कोंडले तर तेथील नुकसान वाढण्याची भीती असते, आणि अमेरिकेतील विषशास्त्राच्या संघटनांनी २०११ साली एकत्रितपणे उत्तर अमेरिकेतील या सापांच्या दंशावर ती न वापरण्याची शिफारस केली आहे. वेदनेसाठी अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, कारण या विषाने रक्त गोठण्याची क्रिया आधीच बिघडलेली असू शकते.

खरे औषध एकच, आणि ते रुग्णालयात असते. मेंढ्यांपासून बनवलेले क्रोफॅब आणि घोड्यांपासून बनवलेले अॅनाव्हिप ही दोन प्रतिविषे येथे वापरली जातात. भारतातले चार सापांवरचे प्रतिविष रॅटलस्नेकवर चालत नाही, त्यामुळे तिकडून काही आणण्याचा विचारही सोडा. एकेका कुपीची किंमत हजारो डॉलरमध्ये असते आणि कुप्या अनेक लागतात. नव्याने आलेली माणसे बिलाच्या भीतीने थोडी वाट पाहू असे म्हणतात, आणि मला याचीच सर्वाधिक काळजी वाटते. विम्याची कागदपत्रे निघण्याआधी पाहून ठेवा, पण दंशानंतर त्यावर एक मिनिटही घालवू नका. सुमारे चार दंशांपैकी एकात विष शरीरात गेलेले नसते हे खरे आहे. मात्र ते डोंगरात बसून ठरवता येत नाही, आणि लक्षणे नसली तरी रुग्णालयात काही तास देखरेखीखाली राहावेच लागते. तोंडाभोवती मुंग्या येणे, तोंडाला धातूची चव, उलट्या, स्नायूंची थरथर किंवा पापण्या जड होणे यांपैकी काहीही दिसले तर विष भिनले आहे असे समजा.

जोशुआ ट्रीच्या बऱ्याचशा भागात मोबाइलला सिग्नल नसतो. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे साधन किंवा तशी सोय असलेला फोन तिघांपैकी एकाकडे तरी असू द्या. तसे नसेल तर मदतीची वाट पाहत बसण्यापेक्षा रुग्णाला आधार देऊन, थांबत थांबत गाडीपर्यंत चालवत आणणे बहुधा अधिक शहाणपणाचे ठरते; गाडी त्याने चालवायची नाही. उद्यानाच्या उत्तरेला जोशुआ ट्री गावात रुग्णालय आहे. सिग्नल मिळताच ९११ ला फोन करा. विषबाधा केंद्राचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तेथील तज्ज्ञ डॉक्टरांनाही सल्ला देतात.

सापाला मारण्याचा किंवा पकडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. राष्ट्रीय उद्यानात तो गुन्हा आहे, आणि छाटलेले डोकेसुद्धा बराच वेळ चावू शकते. पूर्वेकडे न्यूयॉर्क राज्यात शॉवनगंक्सच्या कड्यांखाली टिंबर रॅटलस्नेक राहतो. माणसांनी त्याला इतके मारले की आज त्याला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले आहे. तो साप आणि त्याची बिळे आपल्या आधीपासून त्या दगडांत आहेत, आणि त्यांना तेथे राहू देऊन चढाई करता येते हे मी कित्येक हंगाम पाहत आलो आहे. ज्या मार्गावर साप दिसला तो त्या दिवसापुरता सोडा, खाली येऊन शेजारच्या दोरांवरच्या मंडळींना टप्पा नेमका कोणता ते सांगा, आणि तळावर परतल्यावर वनरक्षकाच्या कानावर घाला.